महापालिकेच्या मुख्य सभेत नागरिकाला दोन मिनिटं बोलू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चार वर्षं प्रशासकांच्या हातात असलेल्या महापालिकांच्या निवडणुका २०२६ च्या जानेवारीत झाल्या आणि सभागृहं पुन्हा भरू लागली. महापौर कोण, स्थायी समिती कुणाकडे, याच्या बातम्या मी आपल्या पत्रात रोज वाचते. इथे संध्याकाळ होते तेव्हा तुमचा सकाळचा अंक मोबाईलवर येतो. त्या बातम्यांत मी एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही, म्हणून हे पत्र. निवडून दिलेली माणसं बसतात त्या सभागृहात साध्या माणसाला, कष्टकऱ्याला उभं राहून दोन शब्द बोलता येणार की नाही, हा प्रश्न कुणी काढलेला मला तरी दिसला नाही.

मी मूळची पुण्याची, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली. नणंदेने भावासाठी केलेल्या अर्जाचा बारा वर्षांनी नंबर लागला आणि २०१३ साली आम्ही अमेरिकेत आलो. सिएटल शहराला लागून टकविला म्हणून गाव आहे, तिथे राहतो. मिस्टर विमानतळावरच्या एका खानावळीच्या भटारखान्यात लागले. मी सिएटलमध्ये लोकांच्या घरी मुलं सांभाळते आणि स्वयंपाक करते.

माझी आई कर्वे रस्त्याच्या बाजूला पाच घरची धुणीभांडी करायची. स्वयंपाकाचं काम तिला कधीच मिळालं नाही. आमची जात विचारून लोक ते ठरवायचे. भांडी तिने घासायची, पण घासून पालथी घातलेल्या भांड्यांवर घरातली बाई पुन्हा तांब्याभर पाणी ओतायची आणि मगच ती आत न्यायची. भांड्यांवरून मोरीत ओघळणारं ते पाणी मी पाहिलेलं आहे. आई बघायची आणि पदर खोचून पुढच्या घरी जायची.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद केलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यातूनच पुढे पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आईला हव्या होत्या त्या गोष्टी अगदी थोड्या: महिन्यातून दोन हक्काच्या सुट्ट्या आणि दिवाळीला एक जादा पगार. त्यानंतर ती कितीतरी मोर्च्यांना गेली. गेटपाशी घोषणा व्हायच्या, चार-पाच जणींचं शिष्टमंडळ आत जायचं, साहेबांच्या हातात निवेदन द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर 'पोचले' असा शिक्का घेऊन बाहेर यायचं. त्या शिक्क्याच्या प्रती आईच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. त्या कागदांचं आत गेल्यावर काय झालं, कुणी वाचले, कोण काय म्हणालं, हे तिला कधी कळलं नाही. त्या मोर्च्यांना मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली आला, तो अशाच बायकांच्या पायपिटीतून. पण निवेदन देणं वेगळं आणि सभेत बोलणं वेगळं. तो फरक मला वयाच्या पन्नाशीत, परक्या देशात समजला.

इकडे आल्यावर मी एका घरी बाळ सांभाळायला जाऊ लागले. आपलीच माणसं, मराठी. मला मावशी म्हणायचे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाळ माझ्याकडे, त्यातच दोन वेळचा स्वयंपाक. पैसे महिन्याचे ठोक ठरलेले. तासाचा हिशेब काढला असता तर शहराच्या किमान वेतनाच्या खाली भरला असता, पण मावशी म्हटल्यावर हिशेब कसा काढायचा? ते पाच आठवडे भारतात गेले तेव्हा मला एक पैसा मिळाला नाही. आल्यावर मात्र बाकरवडी आणली आणि माझ्या हातात दिली. ती माणसं वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. नात्याचं नाव दिलं की कामाचं नाव पुसलं जातं, एवढंच मला सांगायचं आहे. आईला पुण्यातही लोक 'आमच्या घरातलीच' म्हणत, आणि सुट्टी मागितली की तोंड फिरवत.

दुपारी मी बाळाला बागेत न्यायची. तिथे इतर मुलांच्या आया, म्हणजे सांभाळणाऱ्या बायका यायच्या. कुणी मेक्सिकोची, कुणी इथिओपियाची, कुणी फिलिपिन्सची. झोका देता देता एकीने सांगितलं की शहराची कौन्सिल घरकामगारांसाठी कायदा करते आहे आणि तिथे जाऊन आपल्याला बोलता येतं. मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा: मी अजून इथली नागरिक नाही, मला मत नाही, मी राहतेही दुसऱ्या गावात, मला कोण बोलू देणार? ती म्हणाली, कामाला इथे येतेस ना? मग झालं.

हे खरं निघालं. सिएटलच्या कौन्सिलमध्ये बोलायला मतदार असावं लागत नाही. आपल्याकडचं कुणी हे वाचत असेल तर या एका गोष्टीपाशी जरा थांबावं. पुण्यात झाडूवर असलेल्या, बांधकामावर असलेल्या किती माणसांचं मत बीडला, लातूरला, नाहीतर पार विदर्भातल्या गावी असतं. शहर ते झाडतात आणि बांधतात, पण वॉर्डाच्या यादीत नाव नाही म्हणून नगरसेवकाच्या लेखी ते नसतातच.

२०१८ च्या उन्हाळ्यात एका सकाळी कामावरून अर्धी रजा काढून मी सिटी हॉलला गेले. चौथ्या अॅव्हेन्यूवर इमारत आहे, दुसऱ्या मजल्यावर सभागृह. कौन्सिल नऊ जणांची. सात जण आपापल्या भागातून आणि दोघं सगळ्या शहरातून निवडून येतात. त्या दिवशी पूर्ण कौन्सिल नव्हती, कामगारांचे विषय ज्या समितीकडे होते तिची बैठक होती. अध्यक्षस्थानी टेरेसा मोस्केडा होत्या, हा कायदा त्यांनीच मांडला होता. दाराशी कागद होता, त्यावर नाव आणि विषय लिहायचा. समोर माईक, प्रत्येकाला दोन मिनिटं. वेळ उलटी मोजणारं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं.

काय बोलायचं ते मी आधी मराठीत लिहून काढलं होतं. मुलीने इंग्रजी करून दिलं. मोबाईलवर वेळ लावून मी ते सात वेळा वाचलं. दर वेळी दोन मिनिटं आणि वर दहा-पंधरा सेकंद व्हायचे. आईबद्दलची दोन वाक्यं होती, ती काढली. जेवणाचं ठेवलं. मी बोलले ते साधारण असं: मी दहा तास बाळ सांभाळते. बाळ झोपलं तर बसून जेवते. नाही झोपलं तर बाळ कडेवर आणि दुसऱ्या हाताने उभ्याने खाते. कायद्याच्या मसुद्यात तुम्ही अर्धा तास जेवणाची सुट्टी लिहिली आहे. फार चांगलं लिहिलं. पण घरात मी आणि बाळ दोघंच. त्या अर्ध्या तासात बाळ मी कुणाकडे देऊ?

एका सदस्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी खाली बसले तेव्हा माझे पाय थरथरत होते. नंतर कायदा झाला त्यात असं आहे की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्धा तास जेवणाची सुट्टी, चार तासांमागे दहा मिनिटं विश्रांती, आणि कामच असं असेल की जागेवरून हलता येत नाही, तर बुडलेल्या सुट्टीचे वेगळे पैसे द्यायचे. हे माझ्या बोलण्याने झालं असं मी म्हणणार नाही. कितीतरी बायका तेच सांगत होत्या. पण मी जे सांगितलं ते सभेच्या चित्रफितीत आहे, कुणालाही आजही काढून बघता येतं. आईच्या पेटीतल्या शिक्क्यांची मला त्या दिवशी फार आठवण आली.

बोलणं ही मात्र त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे मागे लागून राहणं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, सांगितलं, आता ते बघतील. बागेतल्या त्या मैत्रिणीने मला सोडलं नाही. म्हणाली, खरा कायदा समितीत घडतो, दुरुस्त्यांमध्ये घडतो, आणि शेवटच्या मतदानाला गर्दी होते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून विषयपत्रिका लावली की ती वाचायची. मसुदा तिथेच जोडलेला असतो, दुरुस्त्यासुद्धा. मी आणि मुलगी जेवणं झाल्यावर टेबलावर तो घेऊन बसायचो. बारावीपर्यंत शिकलेली मी, कायद्याची इंग्रजी भाषा मला कुठली यायला? पण दोन शब्द मी पाठ केले: 'शॅल' आणि 'मे'. एकाचा अर्थ द्यावंच लागेल, दुसऱ्याचा अर्थ वाटलं तर देता येईल. कुठल्या ओळीत कोणता शब्द आहे ते पेन्सिलने गोल करून बघायचं. कष्टकऱ्याच्या पदरात काय पडणार ते त्या एका शब्दावर असतं.

दुसरी एक बाब मला महत्त्वाची वाटली. घरकाम करणाऱ्या बऱ्याच जणींना इथे पगारी कामगार न म्हणता स्वतंत्र ठेकेदार म्हणून धरतात, म्हणजे कामगार कायदे लागूच होत नाहीत. या कायद्याने ती पळवाट बंद केली. तुम्हाला काहीही नाव दिलं असो, शहरात कुणाच्या घरी मुलं सांभाळत असाल, साफसफाई, स्वयंपाक, बागकाम करत असाल, घरी राहून आजाऱ्याची शुश्रूषा करत असाल, तर किमान वेतन मिळालंच पाहिजे. मालकाच्या घरी राहणाऱ्या बाईला सहा दिवसांनंतर एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. तिची मूळ कागदपत्रं, पासपोर्ट वगैरे मालकाने आपल्याकडे ठेवायची नाहीत. शिवाय एक मंडळ नेमायचं, त्यात कामगारही आणि कामावर ठेवणारेही. हे वाचून मला आपली माथाडी मंडळं आठवली. महाराष्ट्राने १९६९ साली हमालांसाठी कायदा केला, त्यात मालक, कामगार आणि सरकार एका टेबलाशी बसतात. मी समितीला दुसऱ्यांदा गेले तेव्हा हे सांगितलं. त्यांना माथाडी शब्द ऐकून माहीत नव्हता. माझ्या गावाकडे हे पन्नास वर्षांपूर्वी झालं आहे, असं त्या माईकवर सांगताना मला किती अभिमान वाटला ते लिहिता येत नाही.

२३ जुलै २०१८ ला, सोमवारी दुपारी, पूर्ण कौन्सिलने तो कायदा एकमताने मंजूर केला. राज्यांनी असे कायदे आधी केले होते, न्यूयॉर्क राज्याने तर २०१० साली. शहराने करणारं सिएटल अमेरिकेत पहिलं. सगळ्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या शेजारची रडत होती आणि आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

१ जुलै २०१९ पासून कायदा लागू झाला. मी कागद घेऊन माझ्या दोन्ही घरी गेले. एका घराने बसून तासांचा हिशेब केला, मागचंही थोडं दिलं, आणि तिथे मी आजपर्यंत जाते. दुसऱ्याने मुलाला पाळणाघरात घातलं. असं होतं, हेही लिहायला हवं. आणि शहराचा कायदा शहराच्या हद्दीपुरता. आपली मराठी मंडळी जास्त करून तळ्याच्या पलीकडे बेल्व्ह्यू, रेडमंड, समामिशला राहतात. सिएटलचा हा कायदा पूल ओलांडून तिथे जात नाही. तिथे काम करणारी माझी एक मैत्रीण अजून उभ्यानेच जेवते.

कायदा झाला की संपलं, असंही नाही. सिएटलने २ जून २०१४ ला तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा निर्णय केला तेव्हा जगभर त्याचं नाव झालं. त्यासाठी कौन्सिलमध्ये झटणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्यात जन्मलेल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. पण त्यातच एक तडजोड होती: लहान धंद्यांनी दहा वर्षं थोडं कमी वेतन दिलं तरी चालेल, टीप किंवा दवापाण्याचा खर्च त्यात धरता येईल. ती सवलत २०२४ च्या अखेरीस संपायची होती. संपायच्या सहा महिने आधी ती पुढे चालू ठेवायचा प्रस्ताव कौन्सिलमध्ये आला. ज्या वेटर मुलामुलींनी दहा वर्षं ती तारीख मनात धरली होती ती बोलायला आली. छोट्या खाणावळींचे मालकही आले, त्यातले कितीतरी आपल्यासारखेच बाहेरून आलेले. भाडं आणि पगार दोन्ही झेपत नाही असं ते कळवळून सांगत होते, आणि ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. ऑगस्टमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. १ जानेवारी २०२५ पासून सगळ्यांना एकच वेतन झालं, तासाला २० डॉलर ७६ सेंट. दहा वर्षांपूर्वी जिंकलेलं दहा वर्षांनी राखायला पुन्हा त्याच माईकपाशी यावं लागलं.

घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोरांचंही तसंच. कौन्सिलने ३१ मे २०२२ ला त्यांच्यासाठी किमान मोबदल्याचा कायदा केला आणि १३ जानेवारी २०२४ ला तो लागू झाला. तेव्हा करोनामुळे फोनवरून बोलायची सोय झालेली होती. मी पोळ्या लाटता लाटता कानाला यंत्र लावून ऐकायची. आपलं नाव पुकारलं की स्टार सहा दाबायचं आणि बोलायचं, दहा सेकंद उरले की घंटी वाजते. कायदा लागू होताच कंपन्यांनी गिऱ्हाइकावर जादा आकार लावला, ऑर्डरी घटल्या, आणि त्याच पोरांतली काही कायदा बदला म्हणून सांगायला आली, काही ठेवा म्हणून. मोबदला कमी करणारा प्रस्ताव आला खरा, पण अंतिम मतापर्यंत पोचला नाही. दोन्ही बाजूंची पोरं एकाच बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघत होती. कष्टकऱ्यांचं सगळं एकमत असतं असं समजून त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच बोलणं किती चुकीचं आहे, ते मला तिथे दिसलं.

आणि २१ फेब्रुवारी २०२३. त्या दिवशी सिएटलने नोकरीत, घर देण्यात जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, सहा विरुद्ध एक मताने. असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव क्षमा सावंत यांनीच आणला होता. बाजूने बोलणारे आपले, विरोधात बोलणारेही आपले. मी बोलले. २०१८ साली जी दोन वाक्यं वेळेअभावी काढली होती ती या वेळी म्हटली: माझी आई भांडी घासायची आणि त्यावर पुन्हा पाणी ओतलं जायचं. पुढे हे जोडलं: या शहरात एका घरी स्वयंपाकाच्या कामाला गेले तेव्हा मला काय येतं हे विचारण्याआधी माझं माहेरचं आडनाव विचारलं, आणि मग फोन आलाच नाही. रात्री पुण्याला फोन करून आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, भर सभेत सांगितलंस? आणि त्यांनी ऐकून घेतलं?

तर माझं म्हणणं हे. पुण्याच्या महापालिकेत मुख्य सभा चालते, तिच्या गॅलरीत नागरिकाला बसता येतं, बोलता येत नाही. स्थायी समितीत काय झालं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी बातमीतून समजतं. मला माहीत आहे की आपली महापालिका किमान वेतन ठरवत नाही, ते राज्य सरकार ठरवतं. पण झाडणकाम, सुरक्षारक्षक, कचरा गाड्या, उद्यानं यांची कंत्राटं महापालिकाच देते, आणि ठेकेदाराने पगार बुडवला, भविष्य निर्वाह निधी भरला नाही, तर मूळ मालक म्हणून जबाबदारी तिचीच येते. कंत्राट मंजूर होतं त्या दिवशी त्या कंत्राटावर राबणाऱ्या एका बाईला, ताई दोन मिनिटं बोला, असं कुणी का म्हणू नये? मागच्या ठेकेदाराने किती महिन्यांचे पगार थकवले ते तिच्याइतकं खात्रीने कुणाला सांगता येईल?

पुण्याला हे नवीनही नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. कचरा वेचणाऱ्या बायकांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली, मग स्वच्छ नावाची स्वतःची सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा उचलायचं काम महापालिकेकडून घेतलं. पण दर वेळी कराराची मुदत संपत आली की त्यांना पुन्हा गेटबाहेर बसावं लागतं. पथारीवाल्यांचं बघा. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना दिल्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांना. म्हणजे कष्टकरी टेबलाशी बसू शकतो हे कायद्याला मान्य आहे. वॉर्डातल्या लोकांनी बसून बोलायचं म्हणून क्षेत्रसभेची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. माझ्या वस्तीतल्या किती जणांनी क्षेत्रसभा पाहिली आहे, हे मी भावाला विचारलं. त्याने मलाच विचारलं, ती काय असते?

गोंधळ होईल, राजकारणी आपली माणसं पेरतील, अशी भीती मला लोक घालतात. सिएटलमध्येही लोक ओरडतात, पेरलेले लोकही येतात. अध्यक्ष वेळ संपल्यावर माईक बंद करतात आणि पुढचं नाव घेतात. विषयपत्रिकेवरच बोलायचं हा नियम पाळायला लावतात. सदस्य कधी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात, कधी मत आधीच ठरलेलं असतं, तेही मी पाहिलं आहे. तरीसुद्धा ज्याच्या पोटावर निर्णय घ्यायचा त्याच्या तोंडाकडे बघून तो घ्यावा लागतो, आणि त्याने पुष्कळ फरक पडतो. २०१३ साली सीटॅक या छोट्या गावात विमानतळावरच्या कामगारांसाठी १५ डॉलरचा प्रस्ताव लोकांच्या मतदानाला होता, तो फक्त ७७ मतांनी जिंकला. दोन वर्षं कोर्टात गेली. मग २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो विमानतळालाही लागू केला. राज्याचं किमान वेतन तेव्हा ९ डॉलर ४७ सेंट होतं आणि मिस्टरांचं एकदम १५ डॉलर २४ सेंट झालं. ७७ माणसं म्हणजे आमच्या वस्तीतल्या दोन गल्ल्या. तेव्हा आम्हाला मत नव्हतं. २०२२ च्या नोव्हेंबरात टकविलामध्ये असाच प्रस्ताव आला तेव्हा मात्र होतं, आणि आम्ही दोघांनी दिलं.

नव्या सभागृहाने पहिल्याच वर्षात एवढं करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे: मुख्य सभेच्या सुरुवातीला अर्धा तास नागरिकांसाठी, आदल्या दिवशी नाव नोंदवून, मतदार असो वा नसो, दोन दोन मिनिटं. स्थायी समितीत कंत्राटी कामाचा विषय असेल तेव्हा तिथेही. आणि कार्यपत्रिका सोप्या मराठीत, निदान चार दिवस आधी, क्षेत्रीय कार्यालयाच्या फळ्यावर लावलेली. वस्तीतली बाई इंटरनेटवर शोधत बसणार नाही, पण पाणीपट्टी भरायला गेली की फळा वाचेल.

आपल्याकडे, संपादक महोदय, एक वेगळी विनंती. सभा झाल्यावरची बातमी आपण देता. सभेच्या आधीही द्यावी. येत्या सभेत कष्टकऱ्यांशी संबंधित कोणते विषय आहेत, कोणत्या कंत्राटाची मुदत संपते आहे, कोणता ठराव कुणी मांडला आहे, एवढ्या चार ओळींची चौकट दर महिन्याला छापावी. माझा भाऊ चहाच्या टपरीवर आपला अंक वाचतो, तोच मग आईला वाचून दाखवतो. मी डिसेंबरमध्ये पुण्याला येते आहे. तेव्हा जी मुख्य सभा असेल तिच्या गॅलरीचा पास काढून आईला घेऊन जायचं आम्ही ठरवलं आहे. ती सत्त्याऐंशीची आहे, जिना चढवत नाही. लिफ्ट आहे का ते भाऊ विचारून ठेवणार आहे.

आपली,
एक वाचक
टकविला, वॉशिंग्टन राज्य
(मूळ : दांडेकर पूल, पुणे)